चौबळांची पाणपोई

या, आत या. भर वैशाखात, दुपारच्या वेळी तुम्हाला दारोदार फिरवतात म्हणजे कमालच आहे तुमच्या खात्याची. बसा अशा पंख्याखाली. हा पेला घ्या, माठातलं आहे. उन्हातून आल्या आल्या पिऊ नये म्हणतात, तेव्हा जरा दम खा आणि मग प्या.

पिशवीतून चित्र डोकावतंय ते दिसलं मला. माणसाचा पाय, आणि पायातून लोंबणारा पांढरा दोरा. ओळखते मी ते चित्र. सुनंदा म्हणालात ना नाव? तर सुनंदाताई, तो नारूचा जंत आता आपल्याकडे उरला नाही याची सरकारला खात्री करून घ्यायची असणार, आणि पूर्वी ज्या घरांत तो होता ती घरं तुम्ही शोधत हिंडताय. आमचा पत्ता हरिचंद्रांनी दिला असेल. खरवईचं घर विकून आम्ही इथे अंबरनाथला आलो हे त्यांच्याशिवाय तुमच्या खात्यात कुणाला माहीत नाही.

आतून ठकठक ऐकू आली तर दचकू नका. आमचे हे आहेत आतल्या खोलीत. बाहेरच्या माणसासमोर येत नाहीत, बोलतही नाहीत. काही हवं-नको झालं की काठी आपटतात फरशीवर. तुम्ही ज्याची चौकशी करायला आलात तो नारू ह्यांनाच झाला होता. पूर्वी हे सांगायची मला इतकी लाज वाटायची की पाहुणे आले आणि विषय पायाकडे वळतोय असं दिसलं की मी घाईघाईने भाजीचे भाव काढत असे. सांगते सगळं. पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्हाला पुन्हा यायला नको.

आम्ही खरवईला घर बांधलं तेव्हा तिकडे शेतंच होती. बदलापूर स्टेशनवरून स्कूटरने निघालं की आधी गाव लागायचं, गावाच्या पुढे विहीर आणि विहिरीच्या पलीकडे आमची सोसायटी. सोसायटी म्हणजे थोडेसेच बंगले, मेंदीची कुंपणं आणि फाटकावर पितळी पाट्या. कुणी कंपनीत ऑफिसर, कुणी बँकेत. पाट्या लखलखीत होत्या पण नळ कोरडे. पाण्याची लाइन येतेय, येतेय असं म्हणण्यातच दोन वर्षं गेली. तोवर गावाचे हंडे आणि आमचे हंडे एकाच विहिरीत बुडत होते, आणि आम्हा सोसायटीवाल्या बायकांना त्याचा मनातून कमीपणाच वाटायचा. माहेरून कुणी आलं की मी म्हणायची, पाण्याला गडी आहे. गडी कसला, मीच होते.

ती पायऱ्यांची विहीर. गावात तिला बाव म्हणत. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, आणि बायका शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभ्या राहून हंडे भरायच्या. खाली उतरलं की बाहेरचं ऊन एकदम तुटायचं. ओल्या दगडाचा आणि शेवाळ्याचा वास यायचा. बोललेलं उलटून कानावर यायचं, म्हणून तिथे सगळ्या हळूच बोलायच्या. पाणी मात्र गोड, हं. तसं गोड पाणी मी माहेरीही प्यायले नव्हते.

आमचे हे अंबरनाथच्या एका कंपनीत पाणी तपासायच्या लॅबचे ऑफिसर. पाण्याच्या बाबतीत माणूस इतका चिकित्सक की लग्नाच्या पंगतीत बसले तरी पेला उजेडाकडे धरून बघायचे. माझ्या भावांनी त्यावरून ह्यांची किती चेष्टा केली असेल. खरवईला आल्यावर तर ह्यांनी कायदाच केला. हंडा घरात आला की धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळायचा, तुरटी फिरवायची, उकळायचं, निवलं की पुन्हा गाळायचं. आमची मीनल तेव्हा सात वर्षांची होती. शाळेतून कितीही तहानलेली येवो, आधी 'आई, गाळलंय?' असं विचारायचं आणि मगच पेल्याला हात लावायचा, हे ह्यांनी तिला शिकवलं होतं.

मग ह्यांनाच कसा झाला, असं तुमच्या मनात आलं ना? माझ्याही आलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात गावदेवीचा भंडारा होता. गावकऱ्यांनी ह्यांना मानाने बोलावलं, पाटावर बसवलं, पहिलं पान वाढलं. आणि एका म्हाताऱ्याने तांब्यातून ह्यांच्या ओंजळीत पाणी घातलं. आता चारचौघांत कसं विचारायचं, की बाबा रे, हे गाळलंय का? गावाला वाटलं असतं, साहेब आपल्याला घाण समजतात. ह्यांना लाज वाटली आणि हे ते पाणी प्यायले. घरी येऊन हसत हसत मला सांगितलंसुद्धा. एक ओंजळभर पाणी, सुनंदाताई. भिडेखातर प्यायलेलं.

वर्षभर काही नाही. नारू वर्षभर अंगात गुमान वाढतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

पुढच्या वर्षी फाल्गुनात, शिमग्याच्या आसपास, ह्यांनी जेवताना पेला बाजूला सारला.

"मेलेलं लागतंय," म्हणाले.

"काय?"

"पाणी. गाळून गाळून मारून टाकतेस तू ते."

मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हटलं, कायदा तुमचाच आहे. तर हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, एखाद्या लहान मुलाला समजत नाही म्हणून आपण कीव करून बघतो ना, तसे. दुसऱ्या दिवशी गाळायचं फडकं खुंटीवर नव्हतं. शोधलं तर स्कूटरच्या हँडलला गुंडाळलेलं, ग्रीसने काळं झालेलं. मी नवीन फडकं काढलं. तेही गेलं. मी विचारलं नाही. विचारावं असं मनात यायचं, पण ह्यांच्या चेहऱ्यावर एक असं समाधान असायचं की विचारणारीच वेडी ठरावी.

मग हे स्वतः पाणी आणायला लागले. ऑफिसर माणूस, इस्त्रीची पँट, पायात बूट-मोजे आणि खांद्यावर हंडा. पहिल्या दिवशी सोसायटीतल्या बायका खिडकीआडून हसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हे आमच्याच घरी भरून थांबले नाहीत. शेजारच्या विष्णुपंतांना दम्याचा त्रास, त्यांच्याकडे हंडा. गुडघे धरलेल्या एका आजींकडे हंडा. आठवड्याभरात हसणाऱ्या बायकाच म्हणायला लागल्या, चौबळसाहेबांसारखा देवमाणूस नाही. आणि प्रत्येक घरी हंडा उतरवताना हे हळूच सांगायचे, 'ताजं आहे. गाळू नका. चव जाते.' पाणी तपासणारा साहेब सांगतोय म्हटल्यावर कोण गाळतंय.

मी मीनलपुरतं पाणी चोरून गाळायला लागले. स्वतःच्या घरात चोर झाले मी. देवघराच्या मागे एक कळशी लपवली होती, तिच्यातलंच मीनलला द्यायची. बाकी जग जे पितंय ते पिऊ दे, पण माझ्या पोरीच्या पोटात ते जाता कामा नये, एवढं एकच मी धरून ठेवलं होतं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. ह्यांना ती कळशी सापडली तेव्हा रागावले नाहीत. मीनलच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "हिला कशाला उपाशी ठेवतेस?"

उपाशी म्हणाले. तहानलेली नाही.

आमच्याकडे भांड्याला गावातली बनूबाई यायची. तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी पदराचं टोक चावत दारातच उभी राहिली. शेवटी म्हणाली, "बाय, एक सांगू का? रागावशील नाय ना?"

"सांग की."

"साहेब रोज दुपारचं बावीवं येतात. पायरीवं बसतात पानी सोडून. म्हंजे पाय सोडून. आमी बाया हंडे घेऊन वर उभ्या. पुरुषमानूस बसलेला, खाली कसं उतरायचं? आमाला लाज वाटते. आन् त्यांना..." ती थांबली. "त्यांना बाय, कायीच वाटत नाय."

मी तिला म्हटलं, रजा आहे साहेबांना, उकाडा होतो. ती गेली. ह्यांची रजा नव्हती. सकाळी डबा घेऊन हे स्कूटरवरून ऑफिसला म्हणूनच निघायचे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी विहिरीवर गेले. मीनलला शेजारी ठेवलं. बाहेर ऊन इतकं की चिटपाखरू नव्हतं, कावळे पण झाडात चोच उघडून बसलेले. ह्यांची स्कूटर आंब्याखाली उभी होती. मी चपला वर काढल्या आणि उतरायला लागले. खाली गार होतं, आणि इतकं शांत की माझ्या बांगड्यांचा आवाज मलाच मोठा वाटला.

हे शेवटच्या पायरीवर बसले होते. बूट बाजूला नीट जोडीने ठेवलेले, मोजे आत खोवलेले. डावा पाय पाण्यात. ह्यांचा उघडा पाय मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता, तेव्हा लक्षात आलं. झोपतानासुद्धा मोजे असायचे. डास चावतात म्हणायचे.

घोट्याच्या वर एक फोड फुटलेला होता आणि त्यातून काहीतरी पांढरं, बारीक, बोटभर बाहेर आलेलं पाण्यात हलत होतं. पाणी संथ होतं. ते मात्र हलत होतं. आणि त्याच्या टोकातून दुधासारखं काहीतरी सुटत होतं, पाण्यात पसरत होतं, विरत होतं. पुन्हा सुटत होतं.

मी ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मीनल अंगावर प्यायची तेव्हा माझा चेहरा कसा दिसत असेल ते मला माहीत नाही, पण तसा असावा.

"अहो..."

"हळू बोल," हे म्हणाले. "जातायत..."

"कोण?"

ह्यांनी पाय बाहेर काढला, रुमालाने टिपला, ते पांढरं टोक अगदी हलक्या हाताने मोज्यात सारलं. मग हंडा उचलला आणि जिथे पाय होता तिथेच बुडवला. भरताना पाण्याचा बुडबुड आवाज झाला आणि तो भिंतींवरून कितीतरी वेळ फिरत राहिला. हंडा खांद्यावर घेऊन हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "अक्षय्य तृतीयेपासून पाणपोई सुरू करायची. रस्त्यावर. येणारे-जाणारे किती तहानलेले असतात, पद्मा."

ऐकलंत? काठी. हे असंच, मधेच. तुम्ही पेला खाली का ठेवलात? घ्या हो, ह्यांचं काय... बघा, थांबले.

तर तोंड कुणाला दाखवायचं, हाच विचार आधी माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. नारू हा रोग कुणाला होतो? डबक्याचं पाणी पिणाऱ्यांना, असं आम्ही समजायचो. ऑफिसरच्या घरात, पितळी पाटीच्या आत नारू! माझ्या भावांना कळलं तर? ह्यांच्या कंपनीत कळलं तर? पाणी तपासणाऱ्या माणसाच्या पायात? त्यानंतर थोड्याच दिवसांत तुमचे हरिचंद्र दारात आले, हेच चित्र घेऊन. मी आत ओट्यापाशी उभी. हेच पुढे झाले.

"घरात कुणाला असा त्रास, साहेब? गावात दोघं सापडलेत. विहिरीच्या पायऱ्या बंद करून कठडा बांधायचा विचार आहे. वरून रहाटाने पाणी काढायचं, म्हणजे कुणाचा पाय पाण्याला लागणार नाही."

"छे, छे," हे हसून म्हणाले. "आमच्याकडे असले रोग नाहीत. आणि पायऱ्या तोडू नका हो, जुनं बांधकाम आहे. मी बोलतो सोसायटीत, गावातही बोलतो. तुम्ही पाणपोईच्या उद्घाटनाला या." आणि हरिचंद्रांच्या हातात पेला दिला. हरिचंद्र तो प्यायले नाहीत. उपास आहे म्हणाले. पाण्याला कसला आलाय उपास.

ह्यांच्या डोळ्यांत खोटं बोलल्याची जराही लाज नव्हती. ह्यांचा स्वभाव मला ठाऊक होता. हा माणूस रिक्षावाल्याकडून सुटे परत घ्यायला लाजायचा, माझ्या आईसमोर पाय पसरून बसायला लाजायचा. लाजेपायीच तर ती ओंजळ प्यायला होता. ती लाज गेली कुठे? पायातून जे बाहेर येत होतं त्याने ती आधी खाल्ली असावी, असं काहीतरी वेडंवाकडं मला वाटायला लागलं. आणि लाज गेलेला तो माणूस माझ्या शेजारी मोजे घालून झोपत होता.

अक्षय्य तृतीयेला रस्त्याच्या कडेला मांडव पडला. झावळ्या लावल्या, दोन रांजण वाळूत बसवले, त्यांना कुंकवाची बोटं ओढली. रांजणांच्या तोंडाला बांधलेलं तांबडं फडकं ह्यांनी सकाळीच सोडून टाकलं होतं. अर्धं गाव आणि सगळी सोसायटी जमली. विष्णुपंतांनी खोकत खोकत भाषण केलं, चौबळसाहेब म्हणजे आमचे भगीरथ वगैरे. ह्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. बायका माझ्याकडे बघून म्हणत होत्या, पुण्यवान आहात. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. हरिचंद्र मागे सायकल धरून उभे होते.

पहिला पेला कुमारिकेला द्यायचा. ह्यांनी हाक मारली, "मीनल, ये."

पोर नवं परकर-पोलकं घालून मिरवत पुढे गेली. पेल्याकडे बघितलं आणि सवयीने विचारलं, "बाबा, गाळलंय?"

सगळे हसले. ह्यांनी वाकून पेला तिच्या ओठांना लावला.

सुनंदाताई, त्या वेळेलासुद्धा लाज मला धरून ठेवत होती. इतकी माणसं, गळ्यात हार, आणि मी त्यात काय बोलायचं? बाईमाणसाने, आपल्याच नवऱ्याबद्दल? पण पाय उचलले गेले. मी पेला हाताने उडवला. पाणी तिच्या पोलक्यावर सांडलं. ओठ ओले झाले होते, एवढंच.

"मोजा काढा," मी म्हणाले.

"पद्मा, घरी जाऊन बोलू."

"डाव्या पायाचा मोजा काढा."

हे हसत उभे. मग मीच खाली बसले, चारचौघांसमोर, आणि ह्यांचा बूट काढला, मोजा ओढला. मोजा ओला होता. ते पांढरं आता वीतभर झालं होतं आणि उन्हात आल्याबरोबर आक्रसून घोट्याला चिकटलं.

आधी सोसायटीची माणसं मागे सरकली. विष्णुपंतांनी हातातला पेला जमिनीवर ठेवला, आवाज न करता. बनूबाईने आपल्या नातवाला उचलून कडेवर घेतलं. तिने एरवीसारखं फटकळ काही बोलावं असं मला फार वाटत होतं. ती म्हणाली, "आमी तुमच्या भरवशावं प्यालो, साहेब." आणि रडायला लागली.

तेव्हा ह्यांनी खाली पाहिलं. आपल्याच पायाकडे, जणू आत्ताच दिसला. हसू हळूहळू ओसरलं. कान लाल झाले, मान खाली गेली, हात गळ्यातला हार ओरबाडायला लागले. भर रस्त्यात माझा नवरा शरमेने रडत होता आणि मला, देवाशपथ सांगते, बरं वाटलं. कारण हे पुन्हा आमचे हे झाले होते.

पुढचं तुमच्याकडे नोंद असेलच. हरिचंद्र रोज यायचे. केरसुणीच्या काडीवर तो नारू थोडा थोडा गुंडाळायचा, तुटू द्यायचा नाही. हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. एकदाच बोलले. "पद्मा, ती तहान माझी नव्हती गं."

"मग कुणाची?"

ह्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

पायऱ्या तोडल्या, कठडा बांधला, विहिरीत औषध टाकलं. पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या आणि सोसायटीतल्या किती पायांतून नारू निघाले, ते आकडे तुम्हाला माहीत. बनूबाईच्या नातवाच्या गुडघ्यातून निघाला. आम्ही ते बघायला थांबलोच नव्हतो. फाटकावरून जाताना कुणी आमच्या पाटीकडे बघायचं नाही, त्या न बघण्याचीच इतकी लाज वाटायची की त्याच वर्षी पावसाळ्याआधी घर विकलं आणि अंबरनाथला या बिल्डिंगमध्ये आलो. नळाचं पाणी. सकाळी येतं, तासाभरात जातं. हे तेसुद्धा तीन-तीनदा गाळायचे. त्या दिवसानंतर ह्यांनी कुणालाही स्वतःच्या हाताने पाणी दिलं नाही, आणि बाहेरच्या कुणाशी बोललेही नाहीत.

मीनलचे पाय मी दर उन्हाळ्यात तपासायची. घोटे, पोटऱ्या, टाचा, रोज झोपण्यापूर्वी. स्वच्छ. दरवर्षी स्वच्छ. मग ती मोठी झाली, कॉलेजात गेली. आई, हे काय, असं म्हणून लाजायला लागली, तेव्हा मी सोडून दिलं.

गेल्या वैशाखात समोरच्या वृंदाताई मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "मीनल किती गुणाची हो तुमची. भर दुपारी खाली गेटवर माठ मांडून बसते. पोस्टमन, रद्दीवाला, सगळ्यांना पाणी देते. आणि काय गोड पाणी असतं. कुठून आणते?"

मी उभी राहिले जिन्यात. नळ तर सकाळीच जातो. घरातलं पिंप भरलेलं होतं, तसंच, काठोकाठ.

मी एकदा तिच्या मागे गेले होते. ती कुठल्या पायऱ्या उतरली, काय पाहिलं, ते नंतर सांगेन कधी. ते सांगत बसले तर तुमचं हे पाणी कोमट होईल. परत आले तेव्हा मला ऊन लागलं होतं, घशाला कोरड पडली होती, आणि तिने पेला पुढे केला. ओल्या दगडाचा वास आला. शेवाळ्याचा. इतक्या वर्षांनी, तोच गोडवा. मी विचारणार होते, गाळलंय का. पण पोटच्या पोरीला काय विचारायचं? भीड पडली मला. प्यायले.

एवढं सगळं मी तुम्हाला सांगितलं, परक्या बाईला, नवऱ्याचं, घरातलं, आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. वर्षभर असंच आहे. इतकं हलकं वाटतं. आयुष्यभर उगीच जीव मुठीत धरून जगलो आपण, लोक काय म्हणतील म्हणून.

पुन्हा सुरू झाले बघा. आज जरा जास्तच आपटतायत. तुमच्यासारखं कुणी पेला हातात घेऊन बसलं की ह्यांचं हे असं होतं. दाराला बाहेरून कडी आहे, येत नाहीत ते. त्यांना अजून लाज वाटते, बिचाऱ्यांना.

माझ्या पायांकडे का बघताय? मोजे होय. डास चावतात हो हल्ली फार.

घ्या ना. घसा सुकलाय तुमचा, दिसतंय मला. ताजं आहे, मीनलने आत्ताच आणलंय. प्या, लाजू नका.